तुटायचं नाही, सुटत जायचं

साध्या काँक्रीटचा एक छोटा बीम घ्या. रुंदी आणि उंची १५० मिलिमीटर, लांबी ५५० मिलिमीटर. पोटाशी मधोमध २५ मिलिमीटर खोल खाच मारा, खाली पाचशे मिलिमीटर अंतरावर दोन टेकू द्या आणि वरून मधोमध दाबत चला. दीड टनाच्या आसपास एक कोरडा आवाज येतो आणि बीमचे दोन तुकडे पडतात. भेग दिसली असं म्हणायलाही सवड मिळत नाही.

आता त्याच काँक्रीटमध्ये घनमीटरला ४० किलो या प्रमाणात पोलादाच्या बारीक तारा मिसळून दुसरा बीम करा. भेग पडायचं वजन जवळजवळ तेच, तेव्हा इतका खर्च कशासाठी केला असं वाटू शकतं. पण यंत्र चालूच ठेवलं की पुढचा खेळ सुरू होतो. भेग अर्धा मिलिमीटर उघडते, मग एक, मग दोन. बीम वाकलाय, खाचेतून वर गेलेली काळी रेघ लांबूनही दिसतेय, आणि तरी तो सव्वा टन वजन अंगावर घेऊन उभा आहे. भेग साडेतीन मिलिमीटर झाली तरी परीक्षा संपलेली नसते. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. साध्या बीमचं सगळं आयुष्य जिथे संपतं, तिथून याच्या परीक्षेचा महत्त्वाचा भाग सुरू होतो.

स्टील फायबर काँक्रीट हा पदार्थ मला विलक्षण वाटतो तो यासाठीच. बांधकामातल्या बहुतेक गोष्टींना आपण एकच प्रश्न विचारतो: किती वजनाला मोडशील? याला विचारायचा तो प्रश्न वेगळा: मोडल्यावर कसा वागशील?

हा प्रश्न नीट विचारण्याची रीत युरोपात ठरवून दिलेली आहे. मानकाचं नाव ईएन १४६५१. साच्यात बीम ओततानाचा जो वरचा पृष्ठभाग, तो चाचणीच्या वेळी बाजूला यावा म्हणून बीम नव्वद अंशांत फिरवतात, मगच खाच मारतात. खाचेच्या तोंडाशी भेगेची उघड मोजणारा सूक्ष्ममापक बसवतात. खरी गंमत यंत्राच्या लगामात आहे. साधं यंत्र वजन वाढवत नेतं. इथलं यंत्र वजनाकडे न बघता भेगेकडे बघतं. सुरुवातीला मिनिटाला ०.०५ मिलिमीटर आणि नंतर मिनिटाला ०.२ मिलिमीटर या गतीनेच भेग उघडली पाहिजे, त्यासाठी जेवढा दाब लागेल तेवढाच ते देतं. भेग पळायला लागली की हात आखडतं. अर्धा, दीड, अडीच आणि साडेतीन मिलिमीटर या चार उघडींना बीमने किती ओझं तोलून धरलं ते टिपून ठेवतात. या पदार्थाची पत्रिका मुख्यतः या चार आकड्यांवर मांडली जाते.

भेगेच्या आत काय चाललेलं असतं?

बोगद्याच्या कामात वापरात असलेली एक नेहमीची तार घेऊ: लांबी ६० मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटर, दोन्ही टोकं आकड्यासारखी मुडपलेली. एका तारेचं वजन ग्रॅमचा पाचवा हिस्सा. म्हणजे किलोत सुमारे ४,८०० तारा, आणि घनमीटरभर काँक्रीटच्या ४० किलोत एक लाख नव्वद हजार. टोकाला टोक लावून मांडल्या तर साडेअकरा किलोमीटर. एवढं असूनही काँक्रीटच्या एकूण आकारमानात त्यांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का.

तारा वाटेल त्या दिशेला विखुरलेल्या असतात, असं धरून हिशोब केला की आपल्या बीमच्या खाचेवरचा जो १५० बाय १२५ मिलिमीटरचा छेद, त्यातून साधारण शंभर तारा आरपार जातात. भेग अडीच मिलिमीटर उघडलेली असताना सव्वा टन वजन पेलायचं, तर एकेका तारेला सरासरी तेवीस-चोवीस किलोची ओढ सोसावी लागते. अशी तार तुटायला त्याच्या जवळजवळ तिप्पट जोर लागतो. तेव्हा तार तुटत नाही. ती काँक्रीटमधून ओढली जाते. तिचा मुडपलेला आकडा ज्या वळणदार पोकळीत घट्ट बसलेला असतो, तिथून बाहेर यायचं तर आकड्याला सरळ व्हावं लागतं. पोलाद वाकवायला जोर लागतो तसा सरळ करायलाही लागतो, आणि बाहेर सरकताना भोकाच्या कडांशी घासाघीस होते ती वेगळीच. शंभर ठिकाणी चाललेली ही ओढाताण म्हणजेच त्या बीमची ताकद.

इथे अभियंत्यांची करामत दिसते. तारेची पकड अगदी ढिली ठेवली, म्हणजे सरळ गुळगुळीत तार घातली, तर ती फारसा विरोध न करता निसटते. पकड फार घट्ट केली तर तार हलत नाही, जोर वाढत जातो आणि ती तटकन तुटते. मग शेजारच्या तारेवर जादा भार, तीही तुटते, आणि बीम पुन्हा साध्या काँक्रीटसारखा वागतो. दोन्हींच्या मधली जागा शोधायची. तारेने सुटायचं, पण सहजासहजी सुटायचं नाही. त्यासाठी पोलाद मुद्दाम भक्कम घेतात, चौरस मिलिमीटरला दीडशे किलोची ओढ सोसणारं. त्या ताकदीचा पुरा उपयोग करायचा नसतो. ती असते तुटण्याची वेळ येऊ नये म्हणून. उत्पादकांनी पुढे दुहेरी मुडपीच्या, आणखी भक्कम पोलादाच्या तारा काढल्या, तरी मूळ तोल तोच: पकड वाढवली की पोलादही त्याच प्रमाणात वाढवावं लागतं.

या विद्येच्या मुळाशी मात्र वेगळीच आशा होती. १९६३ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेतले जेम्स रोमुआल्डी आणि त्यांचे सहकारी गॉर्डन बॅटसन यांनी भेग रोखण्याचं गणित मांडलं. बारीक तारा एकमेकींच्या पुरेशा जवळ असल्या तर काँक्रीटमधल्या सूक्ष्म भेगा वाढूच शकणार नाहीत, म्हणजे पहिली भेगच लांबणीवर पडेल, अशी ती कल्पना. काँक्रीटमध्ये लोखंडाचे तुकडे मिसळण्याची पेटंटं एकोणिसाव्या शतकातही निघाली होती, पण त्यामागे पद्धतशीर विचार आला तो इथून. व्यवहारात जेवढं फायबर मिसळता येतं तेवढ्याने पहिल्या भेगेचं वजन फारसं वाढत नाही, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवलं. घबाड सापडलं ते भेगेच्या पलीकडे. पण भेगेनंतरचं वागणं मोजायचं कसं आणि ते हिशोबात धरायचं कसं, यावर एकमत व्हायला आणखी चार दशकं लागली. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या ल्युसी वॅनडेवाल यांच्या अध्यक्षतेखालच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००३ च्या सुमारास शिफारशी पुऱ्या केल्या, आणि मॉडेल कोड २०१० या आंतरराष्ट्रीय नियमावलीत या काँक्रीटला संरचनेच्या नियमांत हक्काचं पान मिळालं.

आता बोगदा. हा पदार्थ घराच्या स्लॅबमध्ये सळईची जागा सहसा घेऊ शकत नाही, मग जमिनीखाली चाळीस मीटरवर त्याच्यावर भरवसा कसा ठेवतात? उत्तर बोगद्याच्या गोल आकारात आहे. चहूबाजूंनी माती आणि पाणी दाबत असतं, आणि गोल कडं तो दाब आपल्या परिघात फिरवून घेतं. काँक्रीट जवळजवळ कायम दाबाखाली राहतं, आणि दाब सोसण्यात त्याचा हात धरणारं दुसरं स्वस्त द्रव्य नाही. ओढ निर्माण होते ती माती एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी दाबते तेव्हा. तीही थोडी, आणि पुष्कळदा आधीच्या दाबाखाली झाकली जाते.

लंडनची क्रॉसरेल हे त्याचं चांगलं उदाहरण. आज ती एलिझाबेथ लाइन या नावाने धावते. शहराच्या पोटातून जाणाऱ्या जोडबोगद्यांची एकूण लांबी ४२ किलोमीटर, आतला व्यास ६.२ मीटर. बोगदा खणणारं यंत्र, म्हणजे टीबीएम, पुढे माती कापत जातं आणि आपल्याच शेपटीत तयार सेगमेंट, म्हणजे काँक्रीटचे वक्र तुकडे, जोडून रिंग उभी करतं. सात सेगमेंट आणि शेवटी बसवायचा एक पाचरीसारखा छोटा तुकडा, अशी आठ तुकड्यांची रिंग. जाडी ३०० मिलिमीटर, रुंदी १.६ मीटर. असे दोन लाखांवर सेगमेंट ओतले गेले, आणि त्यांत नेहमीच्या सळयांच्या पिंजऱ्याऐवजी पोलादी फायबर होतं. आरे ते कफ परेड ही मुंबईची मेट्रो ३ ज्यांनी वापरली असेल, ते अशाच रिंगांच्या बोगद्यातून गेलेले आहेत. काँक्रीटच्या आत काय घातलंय ते बाहेरून कळत नाही.

सेगमेंटच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ म्हणजे लहानपण. ओतल्यानंतर काही तासांतच त्याला साच्यातून उचलतात. तेव्हा काँक्रीट पुरतं पिकलेलंही नसतं आणि वाकलेला तुकडा स्वतःच्याच वजनाने ताणला जातो. मग उलटापालट, थप्पी, ट्रक, क्रेन. आणि शेवटी, रिंगेत बसल्याबरोबर, टीबीएमचे जॅक त्याच्याच कडेवर पाय रोवून हजारो टनांच्या जोराने यंत्राला पुढे रेटतात. जॅकच्या पायाखाली काँक्रीट दबतं, आणि दोन पायांच्या मधे आणि आत आडवं फाटू पाहतं. शेजारचा सेगमेंट केसभर तिरका बसला असेल तर कोपऱ्याचा टवका उडतो. सळयांच्या पिंजऱ्याची इथे एक मूळचीच अडचण आहे: गंजू नये म्हणून सळई पृष्ठभागापासून चार-पाच सेंटिमीटर आत ठेवावी लागते. म्हणजे ज्या कडेला आणि कोपऱ्याला मार बसतो, नेमक्या तिथेच लोखंड नाही. फायबरला असला सोवळेपणा नाही. ते अगदी कडेपर्यंत पसरलेलं असतं. मला विचाराल तर सळईकामाची मजुरी वाचण्यापेक्षा हा मुद्दा वजनदार आहे, जरी कंत्राटदार आधी मजुरीचंच गणित मांडतो.

कडेच्या तारा गंजत नाहीत असं नाही. गंजतात, आणि सेगमेंटवर तांबूस ठिपके दिसतात. पण पाऊण मिलिमीटरची तार गंजून फुगली तरी काँक्रीट फोडण्याइतकी फुगत नाही, आणि तारा एकमेकींना जोडलेल्या नसल्यामुळे गंज एकीवरून दुसरीवर चालत जात नाही. विजेवर चालणाऱ्या रेल्वेत भरकटलेला विद्युतप्रवाह सळयांच्या सलग जाळ्यातून वाट काढतो, तीही सोय इथे त्याला मिळत नाही. रुंद भेगेतून क्षाराचं पाणी शिरलं तर मात्र भेग ओलांडणाऱ्या तारा खाल्ल्या जातात, म्हणून वापरातल्या भेगांची रुंदी मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांतच राहील, अशी काळजी घेतात.

कारखान्यात या तारा स्वभावाने तापदायक असतात. लांब आणि बारीक तारा सुट्या टाकल्या की मिक्सरमध्ये एकमेकींत गुंततात आणि त्यांचे काटेरी गोळे होतात. गोळ्यात काँक्रीट शिरत नाही, आणि उरलेल्या मालात तारा कमी पडतात. यावरचा तोडगा मोठा सुरेख आहे. तारा स्टेपलरच्या पिनांच्या पट्टीसारख्या शेजारी शेजारी चिकटवूनच पुरवतात, आणि डिंक असा निवडतात की तो पाण्यात विरघळावा. पट्ट्या मिक्सरमध्ये आधी सगळीकडे विखुरतात, मग ओल्या काँक्रीटच्या घुसळणीत डिंक सुटतो आणि तारा मोकळ्या होतात. गुंतायची वेळ टळून गेल्यावर.

नीट मिसळल्या की नाही हे तपासायची रीत अगदी साधी: ओल्या काँक्रीटचा ठरावीक मापाचा नमुना घ्यायचा, पाण्याने धुवायचा, लोहचुंबकाने तारा वेचायच्या, वाळवायच्या आणि तोलायच्या. घट्ट झालेल्या काँक्रीटसाठी बार्सिलोनाच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी चलाख युक्ती काढली. नमुना विजेच्या वेटोळ्यात ठेवायचा. पोलादामुळे वेटोळ्याचं चुंबकीय वागणं बदलतं, आणि नमुना वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं की तारा किती आहेत तेच नव्हे, तर बहुतेक कुठल्या दिशेला झोपल्या आहेत तेही कळतं. दिशा महत्त्वाची, कारण साच्याच्या भिंतीशी तारा भिंतीला समांतर होतात, आणि काँक्रीट वाहत गेलं की त्यांची मांडणी प्रवाहाप्रमाणे बदलते. काँक्रीटमध्ये कंपक खुपसून हलवलं तर त्याच्या वाटेत तारा नसलेली मोकळी फट राहू शकते. म्हणून साचाच बाहेरून हलवतात. चाचणीचा बीम ओततानाही आधी मधला भाग, मग दोन्ही टोकं, असा क्रम मानकात लिहिलेला आहे. एकाने डावीकडून ओतलं आणि दुसऱ्याने उजवीकडून, तर एकाच गाडीतल्या काँक्रीटचे दोन निकाल यायचे.

निकालांची ही पांगापांग या काँक्रीटची जुनी खोड. छेदात शंभर तारा म्हटलं, पण ते सरासरी. एका बीममध्ये ऐंशी निघतात, दुसऱ्यात एकशेवीस. म्हणून एका बीमवर कोणी विसंबत नाही. बरेच बीम मोडतात आणि त्यांतून असा आकडा काढतात, की शंभरात पाचांहून जास्त बीम त्याच्या खाली जाऊ नयेत. सेगमेंट मात्र यापेक्षा शहाणा वागतो. दीड मीटरहून रुंद आणि तीनशे मिलिमीटर जाड सेगमेंटच्या आडव्या छेदात याच हिशोबाने पावणेतीन हजार तारा येतात. इथली कमतरता तिथे भरून निघते. रोम आणि ब्रेशियाच्या प्रयोगशाळांत म्हणूनच अख्खे सेगमेंट जॅकखाली ठेवून मोडून पाहिले गेले.

बीमच्या निकालावरून बोगद्याची जाडी ठरवताना एक छोटी पण चमत्कारिक पायरी येते. प्रयोगशाळेत ताण काढतात तो बीम अभंग असल्यासारखा, शाळकरी सूत्राने: तळाशी सगळ्यात जास्त ओढ, वर जाताना कमी कमी. हे सोयीचं असत्य आहे. भेग उघडलेल्या बीममध्ये दाब वरच्या पातळ पट्टीत एकवटतो आणि खालच्या सगळ्या उंचीवर तारा जवळपास सारख्याच ओढत असतात. तेच ओझं पेलायला अशा मांडणीत एक तृतीयांश ओढ पुरते. म्हणून अडीच मिलिमीटर उघडीला आलेला निकाल डिझाइनर तीनने भागतो, वर सुरक्षेसाठी आणखी दीडने. प्रयोगशाळेने चार मेगापास्कल लिहिले की त्याच्या हाती ०.९ पडतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला नऊ किलो. मोठ्या भरवशाने सांगितलेल्या आकड्याचं इतकंसं उरतं, आणि दाबाखालच्या रिंगेला ते पुरतं. या हिशोबात पदार्थाची जात लिहितात ‘४ सी’ अशी: चार हा भेग नुकती उघडली तेव्हाचा ताण, आणि अक्षर सांगतं की भेग रुंदावल्यावर त्यातला किती टिकला. सी म्हणजे जवळपास सगळा.

जिथे टीबीएम नसतं तिथे हेच काँक्रीट नळीने थेट खडकावर फवारतात. नॉर्वेत ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळली, आणि त्यात माणसांच्या जिवाचा हिशोब आहे: आधार न दिलेल्या छताखाली उभं राहून सळयांची जाळी बांधायचं काम टळतं, फवारणीचा हात यंत्राचा असतो. तिथली चाचणी बीमची नसते. ६०० मिलिमीटर बाजूची, १०० मिलिमीटर जाडीची चौकोनी लादी चारी कडांवर टेकवतात, मधोमध दाबतात आणि ती २५ मिलिमीटर खचेपर्यंत तिने किती ऊर्जा गिळली ते ज्यूलमध्ये मोजतात. पाचशे, सातशे, हजार ज्यूल असे दर्जे आहेत. लादी ताऱ्यासारखी फुटते, पण एकसंध राहते.

आग हा मात्र पोलादी फायबरच्या आवाक्याबाहेरचा विषय. १८ नोव्हेंबर १९९६ ला इंग्लंड-फ्रान्स चॅनल टनेलमध्ये मालगाडीला आग लागली, आणि अस्तराचं काँक्रीट तडतडून इतकं उडालं की काही जागी जवळजवळ पूर्ण जाडी गेली. दाट, भक्कम काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी वाफ होतं आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. त्यावरचा उपाय म्हणजे घनमीटरला किलो-दोन किलो पॉलिप्रॉपिलीनचे केसाहून बारीक धागे. १६० अंशांच्या पुढे ते वितळतात आणि वाफेला सूक्ष्म वाटा करून देतात. तेव्हा आजच्या कित्येक सेगमेंटांत दोन प्रकारचे तंतू असतात: एक ताणाच्या वेळी धरून ठेवण्यासाठी, दुसरा वितळून जाण्यासाठी.

उरतो तो वयाचा प्रश्न. बीमची चाचणी होते अठ्ठावीस दिवसांनी, आणि क्रॉसरेलच्या बोगद्याचं आयुष्य धरलंय १२० वर्षं. काँक्रीट वर्षानुवर्षं थोडं थोडं भक्कम होत जातं, आणि इथे ते पथ्यावर पडेलच असं नाही. पकड घट्ट होत गेली की जी तार अठ्ठाविसाव्या दिवशी सुटत होती, ती काही वर्षांनी तुटू लागते. फवारलेल्या काँक्रीटच्या लाद्या जुन्या करून मोडल्या तेव्हा असं घडताना दिसलं आहे: पहिल्या भेगेचं वजन वाढलेलं, आणि भेगेनंतरचा दम कमी झालेला. म्हणून आता तार निवडताना आजच्या काँक्रीटऐवजी पुढे होणाऱ्या काँक्रीटची ताकद धरतात. दुसरीकडे काही प्रयोगशाळांत मुद्दाम भेग पाडलेले बीम कायमच्या वजनाखाली ठेवलेले असतात, आणि भेग महिन्याला किती सरकली याची नोंद वर्षानुवर्षं चालू असते.